वेठ आणि शिपाईगिरी

लवासात, दासवे गावाच्या अंगाला तळ्याकाठी जो फरसबंद रस्ता केला आहे, तिथे रविवारी दुपारी पुण्या-मुंबईच्या माणसांची दाटी असते. रंगीत इमारतींकडे पाठ करून फोटो काढणं चाललेलं असतं. गेल्या पावसाळ्यानंतर मी तिथे एका बाकावर बसलो होतो. शेजारच्या बाकावर एक कुटुंब होतं. आई-वडील आणि सोळा-सतरा वर्षांचा मुलगा. मुलाचं डोकं मोबाइलमध्ये. बाप दोनदा हाका मारून थकला आणि बायकोला म्हणाला, "यांना ना, दोन वर्षं मिलिटरीत टाकलं पाहिजे. सक्तीच करायला हवी. सुतासारखे सरळ येतील."

हे वाक्य आपण सगळ्यांनीच ऐकलेलं आहे. लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या गच्चीवर, सीमेवर काही घडलं की चहाच्या टपरीवर. माझ्याही तोंडून ते गेलेलं आहे. त्या दिवशी मात्र जवळच उभ्या असलेल्या सुरक्षारक्षकाने ते ऐकलं आणि त्याची मान किंचित वळली. उभं राहण्याच्या पद्धतीवरूनच कळत होतं, हा माणूस फौजेतून आलेला. कुटुंब पुढे गेल्यावर मी त्यांना विचारलं, "काका, तुम्हाला काय वाटतं? करावी सक्ती?" त्यांनी मत दिलं नाही. फक्त विचारलं, "एवढ्या पोरांना ठेवणार कुठं?"

मी तो प्रश्न घेऊन घरी आलो, आणि या लेखापर्यंत तो माझ्यासोबत आहे.

लवासा हे नाव नवं. खोरं जुनं आहे. हे मोसे खोरं, मोसे नदीचं. खालच्या वरसगाव धरणाच्या जलाशयाला वीर बाजी पासलकरांचं नाव दिलेलं आहे. पासलकर या खोऱ्याचे देशमुख, आणि स्वराज्याच्या अगदी पहिल्या लढाईत, फत्तेखानाच्या फौजेशी झुंजताना ते पडले असं परंपरा सांगते. देशमुखी म्हणजे नुसता मान नव्हता. वतनदाराने वसूल गोळा करायचा आणि हाक आली की माणसं घेऊन हजर व्हायचं. देशमुखाच्या मागे जो मावळा निघत असे, तो स्वखुशीने किती आणि गावाच्या रीतीने किती, हे आज कोण सांगणार? एवढं मात्र माहीत आहे की शिवाजी महाराजांनी ही रीत हळूहळू मोडत आणली. शिपायाला वतनाच्या उपकारावर न ठेवता सरकारी खजिन्यातून पगार द्यायचा, हा त्यांचा कटाक्ष होता. सभासदाने बखरीत फौजेचा वर्षाचा क्रम सांगितला आहे. पावसाळ्यात छावणी, दसऱ्याला कूच. पावसाळी शेती आणि फौज यांचा असा मेळ त्या व्यवस्थेत होता. त्या फौजेचं बळ पगाराच्या नियमात होतं, आणि हाक कोण देतोय यावरच्या विश्वासात होतं.

हे सांगण्याचं कारण असं की सक्तीच्या बाजूने बोलणारे लोक पहिला दाखला मावळ्यांचाच देतात.

तर वरसगावचं पाणी. ते खाली खडकवासल्याच्या तलावात जातं, आणि त्या तलावाच्या काठावर राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी उभी आहे, आपल्या सगळ्यांच्या बोलण्यातली एनडीए. ६ ऑक्टोबर १९४९ ला पंडित नेहरूंनी तिची कोनशिला बसवली आणि जानेवारी १९५५ मध्ये ती सुरू झाली. सह्याद्रीच्या या कुशीत पडलेला पाऊस लवासाच्या तळ्यातून निघून अखेर त्या पाण्यात मिसळतो, ज्यात छात्र होड्या वल्हवायला शिकतात. तिथे दर वेळी काहीशे जागा असतात आणि परीक्षेला बसणारी मुलं काही लाख. ऑगस्ट २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुलींना परीक्षेला बसू देण्याचा आदेश दिला, २०२२ मध्ये पहिली तुकडी आत गेली आणि ३० मे २०२५ ला सतरा मुली तिथून उत्तीर्ण होऊन बाहेर पडल्या. त्यांच्यावर कुणी सक्ती केली नव्हती. उलट दार उघडावं म्हणून मुलींच्या वतीने न्यायालयात भांडावं लागलं.

दार उघडा म्हणून भांडण्याचा इतिहास महाराष्ट्राला फार जुना आहे, आणि तो सक्तीच्या चर्चेत कुणी काढत नाही, याचं मला वाईट वाटतं. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत महार सैनिक पिढ्यान् पिढ्या होते. कोरेगाव भीमाच्या स्तंभावर त्यांची नावं आहेत. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील रामजी सकपाळ फौजेत सुभेदार होते आणि बाबासाहेबांचा जन्मच १८९१ साली महूच्या छावणीतला. पण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजांनी 'लढवय्या जाती' नावाचं खूळ धरलं आणि महारांची भरती बंद केली. ज्यांचे आजे-पणजे फौजेत होते, त्यांना 'तुम्ही लढवय्ये नाही' असं सांगण्यात आलं. निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकरांनी दापोलीहून त्याविरुद्ध अर्ज केला. पुण्याच्या शिवराम जानबा कांबळे यांनी सभा भरवल्या आणि १९१० साली थेट विलायत सरकारपर्यंत मागणी नेली, की आम्हाला फौजेत आणि पोलिसात घ्या. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा महारांची पलटण उभी केली आणि युद्ध संपल्यावर मोडली. अखेर १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली. त्यासाठी बाबासाहेबांनी जोर लावला होता.

फौजेची नोकरी म्हणजे वर्दी, पगार, मुलांना शाळा, आणि गावात परतल्यावर ताठ मान. त्याच माणसांच्या वाट्याला गावात काय होतं? वेठ. पाटलाच्या, अंमलदाराच्या हुकमावर बिनपैशाची कामं. ओझी वाहायची, सांगावे पोहोचवायचे, रात्री-अपरात्री धावायचं. म्हणजे एकाच घराला एकीकडे सक्तीची सेवा होती आणि दुसरीकडे मागून न मिळणारी सेवा. या दोन सेवांतलं अंतर ज्याने घरात भोगलं, त्याच माणसाच्या अध्यक्षतेखाली पुढे संविधानाचा मसुदा झाला.

त्या संविधानाचं तेविसावं कलम मुद्दाम काढून वाचावं असं आहे. पहिला भाग वेठबिगारीला मनाई करतो. दुसरा भाग म्हणतो की सार्वजनिक कामासाठी राज्याला सक्तीची सेवा लादता येईल, मात्र ती लादताना केवळ धर्म, वंश, जात किंवा वर्ग यांवरून भेदभाव करता येणार नाही. म्हणजे सक्तीची लष्करी सेवा आपल्याकडे घटनाबाह्य नाही. उद्या संसदेने कायदा केला तर तो करता येईल. १९७६ मध्ये मूलभूत कर्तव्यं जोडली गेली, त्यांतही देशाचं रक्षण आणि हाक आल्यावर राष्ट्रसेवा हे कर्तव्य आहेच. पण तेविसाव्या कलमाची अट साधी नाही. वर्गावरून भेदभाव नको. ही एक अट पाळून दाखवलेला देश मला तरी जगात सापडलेला नाही.

अमेरिकेत यादवी युद्धाच्या काळात, १८६३ च्या कायद्याने तीनशे डॉलर भरून सैन्यातून सुटता येत होतं. व्हिएतनामच्या वेळी कॉलेजात नाव असलेल्याला सवलत होती, म्हणून कॉलेजपर्यंत न पोहोचलेली गरीब मुलं पुढे गेली. १९७३ मध्ये तिथली सक्तीची भरती थांबली. युक्रेनमध्ये तर देशाच्या अस्तित्वाचं युद्ध चालू असताना ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्राध्यक्षांना सगळ्या प्रांतांच्या भरती कार्यालयांचे प्रमुख काढून टाकावे लागले, कारण पैसे घेऊन सूट देण्याचा बाजार मांडला गेला होता. आपल्याकडे मेडिकल सर्टिफिकेट कसं मिळतं हे वाचकाला मी काय सांगू.

आपल्याच भूमीवर सक्तीच्या लष्करी सेवेचा कायदा एकदा झाला होता. १९१७ चा इंडियन डिफेन्स फोर्स अॅक्ट. त्यात सक्ती होती ती इथल्या युरोपीय ब्रिटिश प्रजाजनांवर. हिंदी माणसाला ऐच्छिक प्रवेश होता, तोही जेमतेम. टिळकांचं म्हणणं असं, की आमची मुलं देतो, पण त्यांना अधिकारपद द्या, बरोबरीचा हक्क द्या. जून १९१८ मध्ये मुंबईच्या युद्ध परिषदेत ते हेच बोलू लागले तेव्हा गव्हर्नर विलिंग्डनने त्यांना थांबवलं आणि ते सभा सोडून निघाले.

लवासाच्या डोंगराच्या पश्चिमेला कोकण आहे. ताम्हिणी घाट उतरला की माणगाव. लवासाची इमारत-रचना इटलीतल्या पोर्टोफिनो या बंदरावर बेतलेली आहे, हे तिथला प्रत्येक गाईड सांगतो. इटलीच्याच मातीत, वरच्या टायबर खोऱ्यात, १० जुलै १९४४ ला माणगाव तालुक्यातला बावीस वर्षांचा एक नाईक पडला, हे मात्र तळ्याकाठी कुणी सांगत नाही. नाव यशवंत घाडगे, मराठा लाइट इन्फन्ट्री. मशिनगनच्या माऱ्यात त्याच्या तुकडीतले सगळे पडले किंवा जखमी झाले. तो एकटा पुढे धावला. हातगोळ्याने गन बंद पाडली, एकाला गोळी घातली, मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून बंदुकीच्या दस्त्याने उरलेल्या दोघांना मारलं, आणि मग दुरून आलेल्या गोळ्यांनी तो गेला. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याचं नाव इटलीत कॅसिनोच्या स्मारकावर आहे, माणगावात पुतळा आहे, आणि २०२३ मध्ये इटलीतल्या मोंटोने गावाने त्याच्या नावाने एक सौरघड्याळ उभारलं.

घाडगे ज्या फौजेत होता ती पंचवीस लाखांची होती आणि तीत कायद्याची सक्ती नव्हती. पोटाची सक्ती होती, ती नाकारून चालणार नाही. सातारा जिल्ह्यातल्या ज्या गावाने पहिल्या महायुद्धात सेहेचाळीस माणसं गमावली आणि ज्याच्या नावातच 'मिलिटरी' शब्द लागला, त्या अपशिंगे गावाला केवळ देशप्रेमाने किंवा केवळ गरिबीने समजून घेता येत नाही. तिथे पिढ्यांची सवय आहे, सुट्टीवर आलेल्या फौजीला मिळणारा मान आहे, आणि शेतीचं तुटपुंजं उत्पन्नही आहे. फौजेत जाणारी माणसं आधीपासूनच ठरावीक गावांतून आणि ठरावीक घरांतून जातात. सक्तीच्या बाजूचा सगळ्यात प्रामाणिक युक्तिवाद इथेच उभा राहतो: ओझं सगळ्यांनी वाटून घ्यावं, मंत्र्याच्या मुलाने आणि मेंढपाळाच्या मुलानेही. मला हा युक्तिवाद मनापासून भिडतो. शिस्तीचा युक्तिवाद मात्र मला पटत नाही. बापाचं न ऐकणाऱ्या मुलाला सरळ करणं हे पलटणीचं काम नव्हे.

वाटून घेणं प्रत्यक्षात कसं होतं ते पाहायचं तर मराठी घरांमध्येच पाहता येतं. अलिबागच्या किनाऱ्यावरचे बेने इस्रायल, ज्यांना आपण शनवारतेली म्हणत आलो, ते इंग्रजी फौजेत पूर्वीपासून होते. मुंबईतलं पहिलं सिनेगॉग १७९६ मध्ये बांधणारे सॅम्युएल दिवेकर कंपनीच्या फौजेतले अधिकारी होते. १९४८ नंतर ही माणसं हजारोंनी इस्रायलला गेली. लोद, अश्दोद, दिमोना या शहरांत वसली. 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक त्यांनी तिथे चालवलं, मलिदा आजही करतात. तिथे मात्र मुलगा-मुलगी दोघांनाही अठराव्या वर्षी फौजेत जावं लागतं. मुलग्याला अडीच वर्षांहून जास्त, मुलीला दोन वर्षं. ज्या घरात आजी नातवाला मराठीतून हाक मारते, त्या घरातून नातू वर्दी घालून निघतो. आणि बरोबरीचं काय? धर्मग्रंथांचं अध्ययन करणाऱ्या कर्मठ ज्यूंना तिथे दशकानुदशकं सूट होती. जून २०२४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती सूट बेकायदा ठरवली आणि त्यावरून सरकार हादरलं. शिवाय याच बेने इस्रायलांना 'पुरते ज्यू' म्हणून मान्यता मिळवायला १९६४ पर्यंत झगडावं लागलं होतं. सक्तीने त्यांच्या मुलांना फौजेत घेतलं, पण तेवढ्याने समाजात बरोबरी आपोआप मिळाली नाही.

दुसरं घर सिंगापूरचं. तिथे १९६७ पासून राष्ट्रीय सेवा सक्तीची आहे. दोन वर्षं पूर्णवेळ, पुढे बरीच वर्षं राखीव. नोकरीसाठी गेलेले आई-वडील कायम रहिवासी झाले तर त्यांच्यावर ती नसते, पण त्यांच्यामार्फत कायम रहिवासी झालेल्या मुलावर असते. नको असेल तर रहिवास सोडायचा, आणि मग पुढे तिथे शिकायला किंवा नोकरीला अर्ज करताना ते आड येऊ शकतं. पुण्या-नाशिकहून गेलेल्या किती तरी घरांत मुलगा दहा-बारा वर्षांचा झाला की हा विषय जेवणाच्या ताटावर येतो. मला वाटतं, मुलांना दोन वर्षं मिलिटरीत टाका म्हणणाऱ्या प्रत्येकाने अशा एका घरात एक संध्याकाळ बसावं. तिथे आई-बापांना आधी ठरवावं लागतं की हा देश आपला आहे का.

सिंगापूर लहान आहे, त्याला माणसं मोजून मिळतात. आपलं गणित उलटं. लवासातल्या काकांच्या प्रश्नाचं उत्तर मी कागदावर मांडून पाहिलं. आपल्याकडे दरवर्षी दोन कोटींहून जास्त मुलं-मुली अठरा पूर्ण करतात. भूदल साधारण बारा लाखांचं. अग्निपथ योजनेतल्या अग्निवीराला पहिल्या वर्षी महिना तीस हजार मिळतात. त्या हिशोबाने दोन कोटी तरुणांना फक्त एक वर्ष ठेवायचं तर नुसता पगारच ७ लाख २० हजार कोटी रुपये होतो. २०२५-२६ चं देशाचं सगळं संरक्षण बजेट, बंदुका, विमानं, जहाजं आणि पेन्शन धरून, सुमारे ६ लाख ८१ हजार कोटींचं होतं. बराकी, अंथरुणं, जेवण आणि शिकवणारे उस्ताद यात धरलेले नाहीत. मग काय होईल? सगळ्यांना घेता येणार नाही, म्हणून निवड होईल. निवड आली की सूट आली, आणि सूट आली की तेविसाव्या कलमाची अट पहिल्या पावसात वाहून जाईल.

एकदा आपण करूनही पाहिलं आहे. १९६२ च्या चीन युद्धानंतर १९६३ मध्ये कॉलेजच्या मुलांना एनसीसी सक्तीची झाली. माझे एक काका तेव्हा पुण्यात शिकत होते. ते सांगायचे, पहाटे मैदानावर शेकडो मुलं, गणवेश सगळ्यांना पुरेसे नाहीत, रायफली त्याहून कमी, उस्ताद मोजके. हजेरी लागली की निम्मी मुलं मागच्या मागे पसार. ज्यांना खरोखर शिकायचं होतं त्यांच्याही वाट्याला नुसतं 'सावधान-विश्राम' आलं. १९६८ मध्ये ती सक्ती गेली आणि १९६९ पासून एनएसएस आली. काका पुढे म्हणत, ऐच्छिक झाली त्या वर्षी परेड छोटी झाली, पण पाहण्यासारखी झाली.

तरी मागणी परत परत येते. मार्च २०१८ मध्ये संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीने सुचवलं होतं की राजपत्रित सरकारी नोकरी हवी असणाऱ्यांना पाच वर्षं लष्करी सेवा सक्तीची करावी. पुढे जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली, ती ऐच्छिकच आहे. चार वर्षं सेवा, शंभरातले पंचवीस कायम, बाकीच्यांना सेवानिधी घेऊन घरी यायचं. लवासा ज्यात येतं त्या मुळशीसारख्या तालुक्यात या योजनेबद्दलची खरी चिंता 'जावं लागेल' ही नाही, 'चार वर्षांनी परत यावं लागेल' ही आहे. परत आलेल्याच्या हाती काय असेल? जमीन असेल का?

जमिनीचा विषय आला की मुळशीत आवाज बदलतो. १९२१ मध्ये याच तालुक्यात, टाटांच्या वीज कंपनीच्या धरणासाठी सरकारने भूसंपादनाचा कायदा वापरून पन्नासेक गावांची जमीन घ्यायला काढली, तेव्हा शेतकरी सत्याग्रहाला बसले. पांडुरंग महादेव बापट यांना 'सेनापती' ही पदवी मिळाली ती त्याच लढ्यात. पगार नाही, वर्दी नाही, जेलची खात्री, तरी माणसं आपण होऊन आली. धरण झालंच. पुढे वरसगावचं धरण झालं, मग २००० नंतर लवासा आलं. २०१० मध्ये केंद्राच्या पर्यावरण खात्याने काम थांबवलं, २०१८ मध्ये प्रकल्प दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणात गेला. मोठ्या कामासाठी तुम्ही त्याग करा, हे या खोऱ्याला शंभर वर्षं सांगितलं जातंय. ज्यांच्याकडे द्यायला सगळ्यात कमी होतं त्यांनी सगळ्यात जास्त दिलं. म्हणून मला सक्तीची भीती वाटते. कायद्यात ती सगळ्यांवर असेल. ती उतरेल मात्र डोंगराच्या पायथ्याशी.

देशाने तरुणांकडून काहीच मागू नये असं मी म्हणत नाही. जुलै २०२४ मध्ये अतिवृष्टीत लवासात दरड कोसळून बंगले गाडले गेले. त्याआधी २०१४ ला माळीण, २०२३ ला इर्शाळवाडी. एनडीआरएफची तुकडी आपल्याच जिल्ह्यात सुदुंबऱ्याला आहे, पण पावसात घाट बंद असताना तिलाही पोहोचायला वेळ लागतो. पहिले तास गावाचेच असतात. दोर कसा बांधायचा, ढिगाऱ्याखालच्याचा आवाज कसा ऐकायचा, रक्त कसं थांबवायचं, हे प्रत्येक अकरावीच्या मुला-मुलीला पंधरा दिवस शिकवायला बराकी लागत नाहीत. रविवारच्या त्या बापाच्या मुलालाही हे शिकवता येईल आणि या खोऱ्यातल्या धामणओहोळच्या मुलीलाही, एकाच मैदानावर. अशी सक्ती झाली तर मी तिच्या बाजूने उभा राहीन. आणि ज्यांना फौजेतच जायचं आहे त्यांच्यासाठी एनसीसी प्रत्येक ग्रामीण कॉलेजपर्यंत न्यावी. आज हवी असून न मिळणारी मुलं पुष्कळ आहेत.

लवासाहून निघालो तेव्हा सोमवारची पहाट होती. टेमघरच्या उतारावर, धुक्यात, गाडीच्या उजेडात चार मुलं पळताना दिसली. मी थांबलो. भरतीची तयारी. सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांत मारलं तर पूर्ण गुण मिळतात. रस्त्यावर चुन्याने खूण केली होती. त्यांच्यातला एक वाकून गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत होता. बाप शहरात वॉचमन, आई दुसऱ्यांच्या बंगल्यावर कामाला, असं त्याने सांगितलं. मी वेळ विचारली. पाच बेचाळीस. बारा सेकंद कमी करायचेत, म्हणाला, आणि वय संपत आलंय.

मोबाइल दुसऱ्याच्या हातात देऊन तो पुन्हा खुणेकडे चालत गेला.